पाहणे आणि ओळखणे

रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात जोहे नावाचे एक गाव आहे. हे गाव आणि शेजारचे हमरापूर ही दोन्ही गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. येथील कारखान्यांतून वर्षभर मूर्ती घडत असतात आणि त्यांपैकी काही तर समुद्र ओलांडून परदेशी राहणाऱ्या भक्तांच्या घरी जातात. बाहेरचा मनुष्य अशा कारखान्यात प्रथमच शिरला, म्हणजे फळ्यांवर ओळीने मांडलेल्या शेकडो मूर्ती त्याला एकसारख्याच दिसतात. परंतु डोळ्यांची आखणी ज्याच्या हाती असते, त्या कारागिराला तसे वाटत नाही. या मूर्तीची सोंड किंचित अधिक वळली आहे, त्या मूर्तीची भुवई जरा वर गेली आहे, हे तो एका दृष्टिक्षेपात सांगतो. मूर्ती दोघांच्याही डोळ्यांसमोर असतात. पण एक त्या केवळ पाहतो आणि दुसरा त्या ओळखतो.

याच कारखान्यांच्या मागे भाताची शेते आहेत. शेतांच्या बांधांवर रुईची झाडे वाढतात, परसात लिंबू व कढीपत्ता असतो आणि पाऊस ओसरू लागला की या सर्वांवर फुलपाखरे भिरभिरू लागतात. गावातील मुले ती रोज पाहतात. पण त्यांतील कोणते फुलपाखरू कोणते, असे विचारले, तर बहुतेक मुले “ते पिवळे”, “ते काळे” एवढेच सांगू शकतील. मूर्तींतील बारीकसारीक फरक जाणणाऱ्या गावाच्या मुलांनी आपल्या अंगणातील पाखरांना इतक्या ढोबळपणे ओळखावे, हे योग्य नव्हे.

हल्ली कोकणातील पुष्कळ कुटुंबांचे आप्त परदेशी असतात आणि सुटीत त्यांच्याकडे जाण्याचा योग काही मुलांना येतो. परक्या देशात गेल्यावर तेथील पशुपक्षी, फुले आणि फुलपाखरे पाहावीत, असे कोणालाही वाटते. ही इच्छा चांगली आहे. तथापि जो घरची फुलपाखरे ओळखावयास शिकला नाही, त्याला परदेशातील फुलपाखरे दिसूनही न दिसल्यासारखीच होतात. प्रवासाची खरी तयारी विमानतळावर होत नाही. ती घरच्या अंगणात होते.

समजा, जोह्यातील एक मुलगी मे महिन्याच्या सुटीत आपल्या मामाकडे इंग्लंडला गेली. मामाच्या घरामागे लहानशी बाग आहे. तेथे एक नारिंगी रंगाचे फुलपाखरू येऊन बसले. त्याच्या पुढच्या पंखांची टोके काळी आहेत आणि त्या काळ्या भागावर पांढरे ठिपके आहेत. मुलीला फुलपाखरांची काहीच माहिती नसेल, तर ती म्हणेल, “किती सुंदर!” आणि पुन्हा घरात जाईल. परंतु तिने गावी असताना निरीक्षणाची सवय लावून घेतली असेल, तर तिच्या मनात लगेच प्रश्न उभे राहतील. हा आपल्या बांधावरचा बिबळ्या कडवा तर नव्हे? त्याचेही पंख नारिंगी आणि टोके काळी-पांढरी असतात. पण बिबळ्या कडवा संथपणे, जणू कसलीच घाई नसल्यासारखा उडतो. हे पाखरू तर क्षणात इकडे आणि क्षणात तिकडे जात आहे. शिवाय याने पंख मिटले, तेव्हा मागच्या पंखांच्या खालच्या बाजूस डोळ्यांसारख्या ठिपक्यांची एक ओळ दिसली. तशी ओळ बिबळ्या कडव्याला नसते. असा एकेक फरक पाहत पाहत ती योग्य उत्तराशी येऊन पोहोचेल. हे फुलपाखरू इंग्रजीत ‘पेंटेड लेडी’ म्हणून ओळखले जाते आणि अभ्यासकांनी त्याला मराठीत ‘ऊर्मिला’ असे नाव दिले आहे. ऊर्मिला भारतातही आढळते. म्हणजे परक्या बागेत त्या मुलीला जे भेटले, ते परके नव्हतेच.

ओळख पटली, की तिच्यामागून ज्ञानाची एक सबंध वाट उघडते. ऊर्मिला ही फुलपाखरांतील मोठी प्रवासी आहे. इंग्लंडमधील हिवाळा तिला सोसत नाही. ती उन्हाळ्याच्या सुमारास दक्षिणेकडून तेथे येते. पूर्वी असे समजले जाई, की थंडी पडताच ही सर्व फुलपाखरे तेथेच मरून जातात. २००९ साली ती युरोपात फार मोठ्या संख्येने आली. तेव्हा निरनिराळ्या देशांतील सामान्य नागरिकांनी ती कोठे व केव्हा दिसली, याच्या सुमारे ६०,००० नोंदी शास्त्रज्ञांकडे पाठविल्या. या नोंदी आणि रडारने टिपलेली माहिती यांचा एकत्र अभ्यास करून २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की शरद ऋतूत ही फुलपाखरे दक्षिणेकडे परत जातात. फक्त ती जमिनीपासून इतक्या उंचीवरून उडतात, की खालच्या माणसाला दिसत नाहीत. आफ्रिकेपासून उत्तर ध्रुववृत्तापर्यंत जाऊन परत येण्याचा हा प्रवास १४,००० किलोमीटरांहून अधिक आहे. कोणतेही एक फुलपाखरू तो पुरा करीत नाही. सहा पिढ्यांपर्यंतचा वंश तो पुरा करतो. आजोबांनी सुरू केलेली वारी नातवाने पुढे न्यावी, तसाच हा प्रकार आहे.

या शोधातील एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. साठ हजार नोंदी करणारे सगळेच काही शास्त्रज्ञ नव्हते. ते बागेत, शेतात, रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहणारे साधे लोक होते. मात्र त्यांची नोंद उपयोगी पडली, याचे कारण त्यांनी फुलपाखरू अचूक ओळखले होते. “आज एक नारिंगी फुलपाखरू दिसले” अशा नोंदीचा शास्त्राला उपयोग नाही. “आज ऊर्मिला दिसली” या नोंदीला मोल आहे. ज्या गोष्टीचे नाव निश्चित सांगता येते, तिचीच मोजणी होऊ शकते आणि जिची मोजणी होते, ती वाढते आहे की घटते आहे, हे कळू शकते. ब्रिटनमध्ये २०१० पासून उन्हाळ्यात फुलपाखरांची लोकगणना होते. तीत भाग घेणारा मनुष्य एका जागी पंधरा मिनिटे थांबून दिसलेली फुलपाखरे मोजतो. भारतातही २०२० पासून सप्टेंबर महिन्यात अशाच प्रकारचा उपक्रम चालतो. या कामास मोठी उपकरणे लागत नाहीत. नीट पाहणारे डोळे लागतात.

आता ओळखावे तरी कसे? केवळ रंगावर विसंबणारा मनुष्य फसतो. याचे उत्तम उदाहरण जोह्याच्या बांधावरच मिळते. बिबळ्या कडव्याची अळी रुईची पाने खाते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्य तिच्या अंगात साठते आणि पुढे फुलपाखरातही उतरते. म्हणून हे फुलपाखरू पक्ष्यांना कडू लागते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेस सहसा जात नाही. बिबळ्या कडव्याच्या संथ उडण्याचे कारणही हेच. आता ‘छोटा चांदवा’ नावाचे दुसरे एक फुलपाखरू आहे. त्याचा नर काळा असून त्याच्या पंखांवर चंद्रासारखे पांढरे, निळसर कडेचे ठिपके असतात. त्याची मादी मात्र नरासारखी मुळीच दिसत नाही. ती हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते! ती स्वतः कडू नसते. परंतु कडव्याचा वेष घेतल्यामुळे पक्षी तिलाही टाळतात. या दोघांतील भेद ओळखावयाचा असेल, तर मागचा पंख पाहावा. बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखावर तीन-चार ठळक काळे ठिपके असतात. चांदव्याच्या मादीच्या मागच्या पंखावर, वरच्या कडेजवळ, एकच ठिपका असतो. पक्षी जेथे फसतो, तेथे सावध विद्यार्थी फसत नाही.

एका प्राण्याने दुसऱ्याचा वेष घेण्याच्या या प्रकाराचा उलगडा हेन्री बेट्स नावाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात केला. बेट्सने दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या अरण्यांत अकरा वर्षे काढली आणि हजारो जातींचे कीटक जमविले. त्यांपैकी सुमारे ८,००० जाती तोपर्यंत शास्त्राला अज्ञात होत्या. त्याचे हे परदेशातील यश सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यामागची तयारी फार थोड्यांना ठाऊक असते. बेट्स एका मोजेविक्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करीत होता आणि फावल्या वेळात आपल्या गावाजवळच्या रानात कीटक शोधीत हिंडत असे. अठराव्या वर्षाच्या सुमारास, १८४३ साली, त्याने पहिला लेख प्रसिद्ध केला. तो होता आपल्याच देशातील ओलसर जागी राहणाऱ्या भुंगेऱ्यांविषयी. घरच्या रानात ज्याचे डोळे तयार झाले होते, त्यालाच पुढे परक्या अरण्यातील रहस्य दिसले.

यावर काही जण असा आक्षेप घेतील, की फुलपाखराचे सौंदर्य पाहून आनंद होतो, तेवढा पुरे. नावांची घोकंपट्टी कशाला? नावे पाठ केल्याने उलट आनंद कमीच होतो. या आक्षेपात थोडे तथ्य आहे. नुसती नावे पाठ करणे म्हणजे ओळख नव्हे. पण वर्गातील सोबत्याचे नाव कळल्यामुळे कोणाची मैत्री कमी झाली आहे काय? नाव कळले, म्हणजे मग त्याचे घर कोठे, त्याला काय आवडते, हे विचारता येते. फुलपाखरांचेही तसेच आहे. ‘लिंबाळी’ हे नाव कळले, की तिची अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते, हे कळते. ‘हळदीकुंकू’ हे नाव ज्याने एकदा ऐकले, तो त्या पंखांवरील पिवळा व लाल रंग कधीही विसरणार नाही. आणि त्याची अळी आंब्यासारख्या झाडांवर वाढणाऱ्या बांडगुळाची पाने खाते, हे कळल्यावर निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या बांडगुळाकडेही तो वेगळ्या दृष्टीने पाहू लागेल.

ही दृष्टी नसल्यामुळे होणारी हानी लहान नाही. परसातील लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी असते. ती मोठी झाली, की हिरवीगार होते आणि तिला डिवचले, तर डोक्यामागून एक शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. ते पाहून घाबरलेली मुले तिला चिरडून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच अंगणात फुलपाखरांच्या मागे धावतात! आपण काल ज्याला मारले, तेच उद्याचे फुलपाखरू होते, हे त्यांना ठाऊक नसते. लिंबाच्या बागाइतदाराला या अळ्यांचा उपद्रव होतो, हे खरे. पण अंगणातील वाढलेल्या झाडाची चार पाने गेल्याने घराचे काही नुकसान होत नाही. तसेच रस्ता रुंद करताना, कुंपणाच्या जागी भिंत बांधताना, बांध साफ करताना रुई आधी तोडली जाते. कारण तिचा कोणाला उपयोग वाटत नाही. रुई संपली, तर त्या परिसरातून बिबळ्या कडवाही जाईल. ज्याला कडवा ओळखता येतो, तोच रुईच्या एखाद्या झाडासाठी दोन शब्द बोलेल. ज्याला तो ओळखता येत नाही, त्याला काही गेले, हेसुद्धा कळणार नाही.

दुसरा आक्षेप आजच्या काळातील आहे. मोबाइलने छायाचित्र घेतले, की यंत्रच फुलपाखराचे नाव सांगते; मग स्वतः शिकण्याचे कष्ट कशासाठी? यंत्राचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु चांदव्याची मादी आणि बिबळ्या कडवा यांच्या बाबतीत पक्ष्याप्रमाणे यंत्राचीही चूक होऊ शकते. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे पंखावरचे ठिपके मोजून ठरविणारा मनुष्य असावाच लागतो. शिवाय फुलपाखरू कसे उडाले, कोणत्या झाडावर बसले, अंडे घालण्यासाठी कोणते पान शोधीत होते, हे छायाचित्रात उतरत नाही. ते सारे पाहणाऱ्यानेच वहीत लिहून ठेवावे लागते.

वही म्हटल्यावर एका जुन्या सवयीचा विचार करणे प्राप्त आहे. पूर्वीचे अभ्यासक जाळीने फुलपाखरे पकडीत आणि टाचणीने टोचून पेटीत ठेवीत. त्या संग्रहांमुळे शास्त्राला पाया मिळाला, हे मान्य केले पाहिजे. पण सुटीत हिंडणाऱ्या मुलाने हौसेखातर तसे करण्याचे आता काहीच कारण उरलेले नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनेक फुलपाखरांना संरक्षण दिले आहे आणि इतर देशांतही असे कायदे आहेत. कायदा नसता, तरीही पाहुण्याने यजमानाच्या घरातील वस्तू उचलून नेऊ नये, हा साधा शिष्टाचार आहे. परदेशातून आणावयाचेच असेल, तर दिनांक, वेळ, ठिकाण, झाड आणि पंखांचे एक साधे रेखाचित्र आणावे. टाचलेल्या पंखांचे रंग कालांतराने झडतात. नीट लिहिलेली नोंद झडत नाही.

ओळखण्याची सवय लागली, की ती बागेपुरती राहत नाही. लंडनला गेलेली ती जोह्याची मुलगी एखाद्या दिवशी मामाबरोबर ब्रिटिश म्युझियम पाहावयास जाईल. तेथे इजिप्तमधील नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातील एक भिंतीचित्र ठेवलेले आहे. ते सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचे आहे. नेबामून नावेत उभा राहून पाणथळीत पक्ष्यांची शिकार करीत आहे, सभोवती पक्षी उडत आहेत आणि त्यांच्यामधून काही नारिंगी फुलपाखरेही उडत आहेत. हजारो प्रेक्षक ते चित्र पाहून पुढे जातात. पण ही मुलगी क्षणभर थांबेल. काळी-पांढरी टोके असलेले ते पंख तिने कोठेतरी पाहिले आहेत! ती फुलपाखरे बिबळ्या कडव्याचीच आहेत, असे जाणकार सांगतात. कारण हे फुलपाखरू भारताप्रमाणे आफ्रिकेतही आढळते. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक चित्रकाराने आणि जोह्याच्या मुलीने एकच पाखरू न्याहाळलेले असेल. असा आनंद तिकिटाने विकत मिळत नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. ब्रिटनमध्ये फुलपाखरांच्या साठाच्या आतच जाती आहेत. भारतात त्या सुमारे तेराशे आहेत. महाराष्ट्राने २०१५ साली ‘नीलवंत’ या फुलपाखराला राज्याचे फुलपाखरू म्हणून मान दिला. असे करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिलेच राज्य ठरले. मखमली काळ्या पंखांवर निळ्या रंगाची उधळण असलेले हे मोठे फुलपाखरू इंग्लंडच्या रानात कोठेही दिसणार नाही. त्याचे घर द्वीपकल्पीय भारत व श्रीलंका हेच आहे. इंग्लंडमधील एखाद्या मुलाला नीलवंत मोकळ्यावर उडताना पाहावयाचे असेल, तर त्याला समुद्र ओलांडून इकडेच यावे लागेल. त्याच्या दृष्टीने कोकण हाच परदेश आहे. तो मोठ्या आशेने येईल आणि येथील मुलांना विचारील, “तुमच्याकडे कोणकोणती फुलपाखरे आहेत?” त्या वेळी “ती पिवळी आणि ती काळी” असे उत्तर देण्याची पाळी कोणत्याही मुलावर येऊ नये.

परदेशी जाण्याचा योग प्रत्येकाला येईलच असे नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. भाद्रपदात जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती घरोघर जातात, तेव्हा बांधांवर फुलपाखरांची लगबग चालू असते. त्या दिवसांत रोज पंधरा मिनिटे रुईपाशी उभे राहणाऱ्या मुलाला एका पंधरवड्यात चार-पाच जातींची तरी खरी ओळख होईल. पुढे तो इंग्लंडला जावो, आफ्रिकेत जावो किंवा शेजारच्या तालुक्यात जावो, पाहण्याची रीत तीच राहील: रंगाने भुलू नये, ठिपके मोजावेत, उडणे न्याहाळावे, झाड ओळखावे आणि जे दिसले तेवढेच लिहावे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर हात स्थिर ठेवून, श्वास आवरून कुंचला फिरवितो. फुलपाखरासमोर उभ्या राहिलेल्या मुलाने आपली नजर तशीच स्थिर ठेवावी.